घरगुती लेपांचे परीक्षण : हळद, बेसन, लिंबू आणि आपला चेहरा

दुकानातून आणलेल्या क्रीमच्या वेष्टनावर घटकांची यादी, निर्मितीची तारीख आणि वापराची मुदत छापलेली असते, आणि काही बिघडलेच तर जाब कोणाला विचारायचा हेही त्यावरून कळते. वाटीत कालवलेल्या लेपाला यांपैकी कोणताच प्रश्न आपण विचारत नाही. घरचे आहे, आजीच्या काळापासून चालत आले आहे, पोटात जाते ते चेहऱ्याला कसे बाधेल, एवढ्या तीन समजुतींवर तो लेप थेट चेहऱ्यावर जातो. विकतच्या वस्तूची जशी कसून तपासणी करतो तशीच या लेपांचीही करावी, म्हणजे ते जे करतात असे सांगितले जाते ते खरोखर करतात का आणि करताना काही मोडून ठेवतात का हे पाहावे, या हेतूने हे परीक्षण लिहिले आहे.

निष्कर्ष आधीच सांगतो. घरगुती उपायांकडून लोक मुख्यतः चार गोष्टींची अपेक्षा करतात : चेहरा स्वच्छ व्हावा, कोरडेपणा जावा, डाग आणि काळपटपणा उतरावा, मुरुम बरे व्हावेत. यांपैकी पहिल्या दोन कामांत स्वयंपाकघर चांगले उतरते आणि कित्येकदा विकतच्या साबणापेक्षा सौम्यही ठरते. तिसऱ्या कामात ते जवळजवळ पूर्ण नापास होते, आणि ज्या डागांसाठी उपाय केला तेच डाग त्याने गडद होण्याची शक्यता असते. चौथ्या कामात ते फारसे काही करत नाही, पण त्यात जो वेळ जातो त्याची किंमत चेहऱ्यावर कायमच्या खड्ड्यांच्या रूपाने मोजावी लागू शकते.

हे असे का होते ते समजण्यासाठी त्वचेविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा पीएच, म्हणजे आम्लता मोजण्याचा अंक (७ हा मध्य, त्याहून जितका कमी तितके आम्ल अधिक), साधारण ४.५ ते ५.५ या दरम्यान राहतो. सर्वांत वरच्या थरातील मृत पेशी आणि त्यांच्यामधली स्निग्ध द्रव्ये मिळून जे आवरण बनते, ते आतले पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचे जंतू व क्षोभक पदार्थ आत येऊ देत नाही. हा थर अतिशय पातळ असतो, आणि तो टिकवण्याचे काम करणारी वितंचके (एन्झाइमे) या सौम्य आम्लतेतच नीट चालतात. म्हणून कोणत्याही लेपाला पहिला प्रश्न विचारायचा तो त्याच्या आम्लतेविषयी, दुसरा त्याच्या खरखरीतपणाविषयी, आणि तिसरा, जो आपल्याकडे कोणीच विचारत नाही, तो म्हणजे तो लावून उन्हात गेल्यास काय होईल. पीएच मोजण्याच्या कागदी पट्ट्या प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत स्वस्तात मिळतात. शाळकरी मुलांना घेऊन घरातल्या वाट्यांवर त्या बुडवून पाहाव्यात असे मी आवर्जून सुचवीन.

आधी जे चांगले आहे त्याबद्दल. डाळीचे पीठ हा आपल्या घरातला उत्तम चेहरा धुण्याचा पदार्थ आहे. साध्या अंगाच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो आणि तो चेहऱ्यावरच्या तेलाबरोबर त्वचेची स्वतःची स्निग्ध द्रव्येही धुऊन नेतो. बेसनातील स्टार्च व प्रथिने तेल शोषून घेतात, कडधान्यांत थोड्या प्रमाणात असणारी सॅपोनिने किंचित फेस आणून मळ सोडवतात, आणि हे सगळे त्वचेच्या आम्लतेत फारशी ढवळाढवळ न करता घडते. ते दुधात कालवले तर दुधातल्या स्निग्धांशामुळे धुतल्यानंतरचा ताठपणा कमी होतो. त्वचा तेलकट असेल तर पाणी किंवा ताक, कोरडी असेल तर दूध किंवा थोडी साय, एवढाच फरक करावा. लेप वाळून चेहरा ओढला जाईपर्यंत थांबण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. वाळताना तो त्वचेतले पाणी ओढून घेतो आणि मग तो काढण्यासाठी घासावे लागते. ओलसर असतानाच भरपूर पाण्याने धुवावा.

उटण्याविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण दिवाळीच्या आधी बाजारात त्याची पाकिटे रचली जातात आणि त्यांच्या गुणवत्तेत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पारंपरिक उटण्यात मसूर डाळ किंवा मूगडाळीचे पीठ, आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकचरी, गुलाबाच्या पाकळ्या, संत्र्याची साल आणि परवडत असेल तर चंदन असते. अंगाला तेल लावून मग हे उटणे चोळायचे, ही जी अभ्यंगाची रीत आहे ती शास्त्रीयदृष्ट्याही समंजस आहे, कारण तेलामुळे घर्षण कमी होते आणि पीठ जास्तीचे तेल उचलून नेते. खटकते ते दोन ठिकाणी. पहिले असे की अंगासाठी कुटलेले भरड उटणे तसेच चेहऱ्याला चोळले जाते. वाळ्याच्या मुळ्या आणि वाळलेल्या सालीचे कण कितीही दळले तरी टोकदार राहतात आणि गालाच्या नाजूक त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे काढतात. चेहऱ्यासाठी उटणे वापरायचेच असेल तर ते वस्त्रगाळ करावे, आणि तरीही चोळू नये, नुसते लावून धुवावे. दुसरे असे की संत्र्याच्या सालीतील लिमोनीन हा सुगंधी घटक हवेशी संयोग होऊन जसजसा जुना होतो तसतशी त्याची ॲलर्जी निर्माण करण्याची क्षमता वाढते. मागच्या वर्षीच्या दिवाळीचे उरलेले उटणे यंदा चेहऱ्याला लावणे म्हणून टाळावे. पाकिटावर घटकांची नावे न छापता नुसते 'सुगंधी' एवढेच लिहिलेले उटणे मी घरात आणणार नाही.

तान्ह्या बाळाच्या कपाळावरची आणि पाठीवरची लव जावी म्हणून पिठाचा गोळा फिरवण्याची पद्धत अनेक घरांत अजूनही आहे. लव मुळापासून निघत नाही; ती वयानुसार आपोआप कमी होते. बाळाच्या त्वचेचा थर मोठ्या माणसाच्या थरापेक्षा पातळ असतो आणि घासण्याने तो सोलवटतो. ही रीत प्रेमापोटी चालू असली तरी ती थांबवायला हवी.

आता हळद. हिच्याविषयी मराठी माणसाच्या मनात जी श्रद्धा आहे तिच्यामागे एक अभिमानाचा प्रसंगही आहे. जखम भरून काढण्यासाठी हळदीचा वापर करण्यावर अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये पेटंट मिळाले, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान देऊन १९९७ मध्ये ते रद्द करवून घेतले. या विजयाचा दाखला घरगुती लेपांच्या समर्थनार्थ वारंवार दिला जातो, म्हणून त्याचा नेमका अर्थ सांगणे आवश्यक आहे. हा वापर भारतात पूर्वापार ज्ञात होता, त्यामुळे त्यात नावीन्य नाही, या मुद्द्यावर ते पेटंट रद्द झाले. हळदीने चेहऱ्याचे डाग जातात किंवा मुरुम बरे होतात याचा निवाडा त्या प्रकरणात झाला नव्हता, आणि होण्याचे कारणही नव्हते.

हळदीतला ज्या घटकावर संशोधन होते तो कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्के असतो. प्रयोगशाळेत तो दाहशामक आणि जंतुरोधक गुण दाखवतो, हे खरे आहे. पण तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, प्रकाशात लवकर विघटित होतो, आणि पाण्यात किंवा दह्यात कालवून दहा-पंधरा मिनिटे ठेवलेल्या लेपातून त्वचेच्या आत त्याचा जो अंश पोचतो तो नगण्य असतो. लेप धुतल्यावर चेहरा उजळ वाटतो, त्यात पिवळ्या छटेचा मोठा वाटा असतो. आपल्याकडे सांगलीच्या, वायगावच्या हळदीचा गौरव होतो आणि तो रास्तच आहे, परंतु कर्क्युमिनचे प्रमाण जास्त म्हणून चेहऱ्यावरचा परिणाम जास्त, असे गणित येथे लागू होत नाही. हळदीचा पिवळा डाग मात्र अधिक पक्का पडतो.

हळदीचा धोका सर्वांना नसला तरी ज्यांना आहे त्यांना तो चांगलाच भोवतो. हळदीची स्पर्शजन्य ॲलर्जी ही वैद्यकात नोंदलेली गोष्ट आहे, आणि हळदीपासून बनणाऱ्या कुंकवामुळे कपाळावर काळसर चट्टा उठण्याचे प्रकार भारतीय त्वचारोगतज्ज्ञ दीर्घकाळ पाहत आले आहेत. अशा ॲलर्जीत कित्येकदा लालसरपणा किंवा खाज फारशी येत नाही, थेट काळपटपणाच वाढत जातो; मग तो घालवण्यासाठी आणखी हळद लावली जाते आणि हे चक्र वर्षानुवर्षे चालते. भेसळीचा प्रश्न वेगळाच आहे. सुट्या हळदीत मेटॅनिल यलो हा अखाद्य रंग आणि लेड क्रोमेट हे शिशाचे संयुग सापडलेले आहे. शिसे त्वचेतून फारसे शोषले जात नसले तरी लेप ओठांवर उतरतो, डोळ्यांत जातो आणि हातांवरून लहान मुलांच्या तोंडात पोचतो. लग्नाच्या हळदीसाठी तरी विश्वासू ठिकाणची, खाण्यायोग्य म्हणून प्रमाणित झालेली हळद घ्यावी, आणि नवरा-नवरीने ती आठवडाभर आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहावी. ऐन लग्नाच्या आदल्या दिवशी सुजलेल्या चेहऱ्यावर उपाय शोधत बसण्याची वेळ कोणावरही येऊ नये असे मनापासून वाटते.

या परीक्षणातला सर्वांत कडक शेरा लिंबासाठी राखून ठेवला आहे. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५ च्या आसपास असतो. ही मोजपट्टी अशी आहे की एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक, त्यामुळे लिंबाचा रस त्वचेपेक्षा काही शेकडो पट अधिक आम्लधर्मी आहे. मुरुम फोडलेल्या जागी तो लावल्यावर जी आग होते तिला लोक 'काम करत असल्याची खूण' समजतात. ती इजा होत असल्याची खूण आहे. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेला कोणतीही इजा झाली की ती बरी होताना तेथे रंगद्रव्य अधिक तयार होते, हा आपल्या त्वचेचा स्वभाव आहे. डाग घालवण्यासाठी आग करणारा पदार्थ लावणे म्हणजे नव्या डागाची तयारी करणे होय.

याहून गंभीर भाग उन्हाचा. लिंबाच्या सालीत आणि काही प्रमाणात रसात फ्युरोकुमरिन वर्गातील संयुगे असतात. ती त्वचेवर असताना सूर्याची अतिनील-अ किरणे पडली तर पेशींना भाजल्यासारखी इजा होते. हे लगेच दिसत नाही. साधारण एक-दोन दिवसांनी लाली, कधी फोड येतात, आणि त्यानंतर उरणारे तपकिरी ओघळ व ठिपके कित्येक आठवडे, काही वेळा महिनोन्‌महिने टिकतात. मधे एवढा वेळ गेल्यामुळे लिंबाचा संशयही कोणाला येत नाही. आपल्या बाजारात मिळणारे छोटे कागदी लिंबू हे युरोप-अमेरिकेतील मोठ्या पिवळ्या लिंबाहून वेगळ्या जातीचे आहे, आणि त्याच्या जवळची लहान हिरवी लिंबेच अशा इजेला जगभर सर्वाधिक वेळा कारणीभूत ठरलेली आढळतात. रस काढून उरलेली फोड चेहऱ्यावर घासण्याची आपली आवडती पद्धत तर सर्वांत वाईट, कारण हे घटक सालीच्या तेलातच अधिक असतात. अतिनील-अ किरणे खिडकीच्या काचेतूनही बरीचशी आत येतात, त्यामुळे 'मी घरातच होते' हे संरक्षण पुरेसे नाही.

आयुर्वेदात हा प्रभाव अपरिचित नव्हता. कोडावर बावचीचे बी लावून उन्हात बसवण्याची चिकित्सा याच वर्गातल्या सोरालेन या घटकावर चालते, आणि आधुनिक वैद्यकाने तोच घटक मोजून मापून, किरणांची मात्रा ठरवून वापरला. म्हणजे जे द्रव्य त्वचेत रंग आणण्यासाठी वैद्याच्या देखरेखीखाली वापरले जाते, त्याच जातीचे द्रव्य आपण रंग उतरवण्यासाठी बेफिकीरपणे चोळत असतो.

लिंबाच्या बाजूने 'क' जीवनसत्त्वाचा युक्तिवाद केला जातो. शंभर ग्रॅम रसात हे जीवनसत्त्व साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम असते, म्हणजे सुमारे ०.०५ टक्के. त्वचेवर ज्या द्रावणांचा उपयोग अभ्यासला गेला आहे त्यांत ते १० ते २० टक्के असते. दोनशे पटींहून मोठे हे अंतर रोज लिंबू लावून भरून निघत नाही. त्वचेच्या वाट्याला जीवनसत्त्व न येता केवळ सायट्रिक आम्ल येते, आणि तेही रसात ५ ते ६ टक्के इतके. लिंबू सरबतात घालावे, वरणभातावर पिळावे, पण चेहऱ्यापासून पूर्णपणे दूर ठेवावे. मी याला 'थोडेसे चालेल' अशीही सवलत देणार नाही.

आम्लाच्या उलट टोकाला खाण्याचा सोडा आहे. त्याच्या द्रावणाचा पीएच ८ हून थोडा अधिक असतो आणि कण खरखरीत. नाकावरचे काळे ठिपके काढण्यासाठी तो चोळला की त्वचेचे आवरण दोन्ही बाजूंनी झिजते. मुरुमावर टूथपेस्ट लावल्याने पुटकुळी सुकल्यासारखी दिसते, परंतु त्यातला फेस आणणारा घटक आणि पुदिन्याचे तेल भोवतीची त्वचा भाजून काढतात. कच्च्या लसणाने तर खऱ्या अर्थाने रासायनिक भाजणे होते, आणि तशा फोडांची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांत अनेकदा आली आहेत. चामखीळ किंवा तीळ घालवण्यासाठी चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र करून लावतात, त्यात चुन्याच्या निवळीचाच पीएच १२ च्या वर असतो. गालावर त्याचा व्रण जन्मभर राहू शकतो, आणि तो तीळ जर कर्करोगाचा प्रारंभ असेल तर निदानाची संधीही जळून जाते.

बिब्ब्याबद्दल महाराष्ट्रात स्वतंत्रपणे बजावावे लागते, कारण ग्रामीण भागात तो अजून घरोघरी असतो. काजू, आंबा आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडे. बिब्ब्याच्या काळ्या तेलातील फेनॉल वर्गातील द्रव्ये अत्यंत दाहक असून त्यांनी त्वचेवर फोड, स्राव आणि तीव्र ॲलर्जी निर्माण होते. पूर्वी धोबी कपड्यांवर बिब्ब्याने खुणा करत आणि त्या कपड्यांमुळे मानेवर, पाठीवर चट्टे उठत, ही माहिती त्वचारोगाच्या अभ्यासक्रमात शिकवली जाते. वैद्य बिब्बा शुद्ध करून, मोजून देतात. चेहऱ्यावर लावण्याचा तो पदार्थ नव्हे.

कोरडेपणासाठी जे घरात मिळते त्याचे मूल्यमापन बरेच सुखावह आहे. खोबरेल तेलाचा कोरड्या त्वचेवरचा परिणाम फिलिपिन्समधील एका चाचणीत खनिज तेलाच्या तोडीचा आढळला, आणि हात, पाय, कोपरे यांसाठी ते मी निःशंकपणे सुचवीन. चेहऱ्याबाबत मात्र अट आहे : ज्यांना मुरुम येतात किंवा कपाळावर बारीक पुळ्या असतात त्यांनी ते चेहऱ्यावर लावू नये आणि केसांना लावलेले तेल रात्रभर कपाळावर उतरू देऊ नये, कारण ते रंध्रे बुजवते. राईच्या तेलाची शिफारस तर कोणासाठीच करता येत नाही, ते त्वचेच्या आवरणाला क्षोभ देते. तूप आणि साय ओठांसाठी उत्तम. कोरफडीचा गर थंडावा देतो, परंतु तो जवळजवळ सगळा पाणीच असल्याने एकट्याने ओलावा धरून ठेवत नाही. त्यावर काहीतरी स्निग्ध लावावे लागते. पान कापल्यावर सालीलगत जो पिवळा चीक येतो तो दाहक असतो. पान उभे धरून तो पूर्ण गळू द्यावा, गर धुवावा आणि मगच वापरावा. घरच्या कोरफडीने खाज सुटल्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या घाईत असते असे माझे मत आहे.

मधाचा विषय अधिक रोचक आहे, कारण येथे पुरावा खरोखर उपलब्ध आहे आणि तो दोन्हीकडे बोलतो. वरवरच्या भाजल्याच्या जखमा मधाच्या पट्टीने काही रूढ पट्ट्यांपेक्षा लवकर भरतात, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यातून पुढे आले आहे. पण तो मध वैद्यकीय दर्जाचा, किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. मुरुमांवर काय होते हे न्यूझीलंडमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तपासले गेले : जंतुनाशक साबणाने चेहरा धुणाऱ्या एका गटाला कानुका या तेथील झाडाच्या फुलांचा मध जोडीला दिला, दुसऱ्याला दिला नाही, आणि दोघांत लक्षणीय फरक आढळला नाही. तेव्हा मध ओलाव्यासाठी लावावा, मुरुमांसाठी त्याच्यावर विसंबू नये. दह्याचेही तसेच आहे. त्याचा पीएच ४ ते ४.५ म्हणजे त्वचेच्या जवळचा, त्यामुळे ते बहुतेकांना सोसते, पण त्यातले लॅक्टिक आम्ल जेमतेम एखादा टक्का असल्याने डाग जाण्याइतका परिणाम त्याच्याने होत नाही. मुलतानी माती तेलकट चेहऱ्याला आठवड्यातून एकदा ठीक. कोरड्या त्वचेने आणि थंडीच्या दिवसांत कोणीच तिच्या वाटेला जाऊ नये.

ज्या गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते ती म्हणजे हे मिश्रण किती काळ टिकते. पाणी, दूध, फळांचा गर किंवा कोरफड असलेले कोणतेही मिश्रण हे जंतूंसाठी अन्न असते. विकतच्या क्रीममध्ये परिरक्षक घालतात ते याचसाठी, आणि 'रसायनविरहित' म्हणून ज्यांची जाहिरात होते अशा घरी बनवलेल्या जेलच्या बाटल्यांत तेच नसतात. कोरफडीचा गर, ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल आणि गुलाबपाणी घुसळून महिनाभराचे 'सीरम' बनवून ठेवण्याचा जो प्रघात पडला आहे तो धोकादायक आहे. फ्रीजमध्ये ठेवल्याने वाढ मंदावते, थांबत नाही, आणि फुटलेल्या मुरुमातून जंतू आत शिरायला वेळ लागत नाही. त्या वेळेपुरते कालवावे, उरलेले टाकून द्यावे. घरगुती सनस्क्रीन हा प्रकार तर अशक्य कोटीतलाच आहे. गाजराच्या बियांचे तेल किंवा खोबरेल लावून उन्हापासून बचाव होतो हे सांगणाऱ्यांनी संरक्षणाचा थर सर्वत्र सारखा पसरतो की नाही हे मोजलेले नसते, आणि ते घरी मोजताही येत नाही.

नवीन पदार्थ वापरण्याआधीची चाचणी बहुतेकजण चुकीच्या पद्धतीने करतात. मनगटावर लावून पाच मिनिटे वाट पाहिल्याने फक्त तात्काळ होणारा दाह कळतो. खरी ॲलर्जी उमटायला दोन ते चार दिवस लागू शकतात, आणि काही वेळा ती वारंवार लावल्यानंतरच सुरू होते. कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर, चेहऱ्यावर जितका वेळ ठेवणार तितकाच वेळ, दिवसातून दोनदा, सलग सात ते दहा दिवस लावावे. हे कंटाळवाणे आहे, पण चेहरा एकच असतो.

डॉक्टरांकडे कधी जावे, हा प्रश्न घरगुती उपायांच्या परीक्षणात आलाच पाहिजे, कारण या उपायांचा सर्वांत मोठा तोटा त्यांच्या रसायनात नसून त्यांच्यात गेलेल्या महिन्यांत असतो. गाठींचे, पू धरणारे, दुखणारे मुरुम असतील तर पहिल्या दिवसापासून औषधच हवे. गालांवर फुलपाखरासारखा पसरणारा वांग ऊन, संप्रेरके आणि आनुवंशिकता यांच्या संगतीने येतो. बटाट्याच्या किसाने तो हलत नाही, रोजच्या सनस्क्रीनवाचून औषधानेही हलत नाही. चेहऱ्यावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तेथे स्पर्श कमी कळत असेल तर तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे औषध सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते आणि वेळेत घेतल्यास विकृती टळते. अशा चट्ट्यावर महिनोन्‌महिने लेप लावत बसलेल्या माणसांचे जे नुकसान होते त्याची भरपाई नंतर होत नाही.

आणि शेवटी त्या डब्यांविषयी, ज्या 'घरगुती', 'हर्बल' म्हणून पार्लरमधून, ओळखीतून, मोबाइलवरच्या गटांतून विकल्या जातात आणि ज्यांच्यावर धड नावही नसते. बेसनाने महिन्यात जे होत नाही ते यांनी आठवड्यात होते, म्हणून त्यांचा बोलबाला होतो. त्या वेगामागे बहुधा दोनांपैकी एक गोष्ट असते. एक म्हणजे स्टिरॉइड, ज्याने चेहरा आधी गोरा दिसतो आणि मग पातळ, लाल, केसाळ होतो. अशा कित्येक मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीविना होणारी विक्री रोखण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले, तरी ती डब्यांत मिसळली जातातच. दुसरी म्हणजे पारा. भारतातील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पाराही दशलक्ष भागांत एका भागाहून अधिक असता कामा नये. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे १५ रुग्ण आढळले, त्यांपैकी १३ जण गोरेपणाची क्रीमे वापरत होते. आपल्या विदर्भातही अकोल्यातील एकाच घरातल्या महिलांना असाच विकार झाल्यावर मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचे मूळ स्थानिक पातळीवर बनवलेल्या क्रीममधल्या पाऱ्यात सापडले.

अशी डबी घरात असेल तर वापर ताबडतोब थांबवावा. मात्र स्टिरॉइडची शक्यता असल्याने चेहरा अचानक भडकू शकतो, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांना लगेच भेटावे. पायांना सूज, लघवीला फेस किंवा विनाकारण थकवा असेल तर रक्त आणि लघवीची तपासणी लांबवू नये. डबी टाकून देऊ नये. झाकण घट्ट लावून, मुलांच्या हाती लागणार नाही अशी पिशवीत बांधून ती डॉक्टरांकडे न्यावी, म्हणजे तिच्यात काय आहे याची तपासणी करता येते आणि तीच डबी वापरणाऱ्या इतरांनाही वेळेवर सांगता येते.